डब्यातला बाइंडर: पाऊणशे वर्षांचा मागोवा

१९४८ साली अमेरिकेतल्या ग्लिडन कंपनीने ‘स्प्रेड सॅटिन’ हा भिंतीचा रंग आणला. पाण्याने पातळ होणारा, ब्रशही पाण्यानेच धुता येणारा. त्यातला बाइंडर, म्हणजे रंगाचे कण एकत्र बांधून भिंतीला धरून ठेवणारा घटक, होता स्टायरीन-ब्युटाडाईन, युद्धकाळात कृत्रिम रबरासाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागलेला. टर्पेंटाइनच्या वासातून घरे सुटू लागली ती तेव्हापासून. पण हा बाइंडर उन्हात पिवळा पडे. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट स्वस्त होते, पण ओल्या सिमेंटच्या अल्कलीपुढे ते तग धरत नसे. १९५३ मध्ये रोम अँड हास कंपनीचे शुद्ध अ‍ॅक्रिलिक इमल्शन आले आणि बाहेरच्या भिंतीला दोन्ही सोसणारा बाइंडर मिळाला.

शेडकार्डातल्या हजारो छटांपेक्षा मला हा प्रवास मोलाचा वाटतो. डब्यात बाइंडरच्या पॉलिमरचे कण पाण्यात पसरलेले असतात, साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. पाणी सुकत गेले की ते एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि सलग पापुद्रा तयार होतो. त्यासाठी कण मऊ हवेत. मात्र पापुद्रा फार मऊ राहिला तर धूळ धरतो, रंगवलेले दार चौकटीला चिकटते. कण फार कडक असतील तर थंडीत पापुद्रा जुळतच नाही, भेगा पडतात. मिथाइल मेथाक्रिलेट कडकपणा देते, ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट मऊपणा; सारे कसब त्यांच्या प्रमाणात. अनेक वर्षे कडक कण तात्पुरते मऊ करायला द्रावक घालत, आणि त्याची वाफ घरात पसरे. पुढे एकाच कणात मऊ आणि कडक असे दोन भाग घडवणे जमले, तशी द्रावकाची गरज घटली. रहिवाशांइतकाच रंगाऱ्यांच्या फुफ्फुसांवरही हा उपकार आहे.

बाइंडर महाग, म्हणून स्वस्त रंगात खडू वाढवतात. एका मर्यादेपलीकडे खडूच्या कणांमधल्या फटी भरायला बाइंडर पुरत नाही, तिथे हवा राहते. त्या हवेमुळे वाळलेला रंग उलट जास्त झाकणारा दिसतो. ओले फडके फिरवले की मात्र तो फडक्यावर येतो. छताला असा रंग चालेल. मुलांचे हात लागणाऱ्या भिंतीला मुळीच नाही.

तेव्हा दुकानात छटेआधी बाइंडर विचारा. कोकण-गोव्याचा पाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला शुद्ध अ‍ॅक्रिलिकच लावा, आणि नवे प्लास्टर पुरते वाळल्याशिवाय रंगाचा पहिला हात मारू देऊ नका.