आगगाडीने माचू पिक्चूला

आज आपण एका लांबच्या सहलीला निघणार आहोत. नकाशासंग्रह उघडा आणि दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पेरू हा देश शोधा. किनाऱ्याला समांतर अशी तपकिरी रंगाची पट्टी दिसते ना? तोच अँडीज पर्वत. त्याच्या कुशीत कुस्को हे शहर आहे. एके काळी ते इंका लोकांच्या साम्राज्याची राजधानी होते. आपली सहल येथूनच सुरू होते. आता घड्याळ साडेदहा तास मागे करा, कारण आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा तेथे सकाळचे सहाच वाजलेले असतात.

कुस्कोत चार पायऱ्या चढलात तरी तुम्हांला धाप लागेल. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी कुस्को तिच्याहून थोडे वरच राहील! येथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो, आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ८९ अंश सेल्सिअसलाच उकळते. त्यामुळे उघड्या भांड्यात बटाटे शिजायला येथे जास्त वेळ लागतो. आणि गंमत पाहा, बटाट्याचे माहेर हेच! अँडीजमधील शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी त्याची लागवड सुरू केली. आपल्याकडे तो पोर्तुगीजांमुळे आला आणि ‘बटाटा’ हे नावही आपण त्यांच्याकडूनच घेतले.

उतरत जाणारी गाडी

आपल्याला पाहायचे आहे ते माचू पिक्चू. केचुआ भाषेत या नावाचा अर्थ ‘जुने शिखर’. डोंगरावरचे हे शहर २४३० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कुस्कोहून जवळजवळ १००० मीटर खाली! डोंगरातील अवशेष पाहायला निघायचे आणि तेही उतरत, असा हा उलटा प्रवास आहे.

उतरण्यापूर्वी मात्र थोडे चढावे लागते. कुस्को खोलगट जागी वसलेले असल्याने तेथून निघणारा लोहमार्ग शहराबाहेरचा डोंगर मागेपुढे करीत चढतो. गाडी थोडी पुढे जाते, थांबते, सांधा बदलून उलट दिशेने वर सरकते आणि पुन्हा पुढे निघते. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटातील लोहमार्गावरही गाडीची दिशा अशीच बदलावी लागे. हल्ली बहुतेक प्रवासी ओयांतायतांबो या गावापर्यंत मोटारीने जातात आणि तेथे गाडीत बसतात. आपणही तसेच करू.

रुळांतील अंतर पाहिलेत? ते फक्त ९१४ मिलिमीटर आहे. आपल्या रुंदमापी मार्गावर ते १६७६ मिलिमीटर असते. अरुंद मार्गाला तीव्र वळणे घेता येतात. येथे त्याची गरजच आहे, कारण एका बाजूला खडा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला फेसाळणारी उरुबांबा नदी, यांच्यामधून गाडीला वाट काढायची आहे.

सोबतचा मार्गदर्शक आता तुम्हांला खिडकीबाहेर पाहायला सांगेल. सुरुवातीला मक्याची शेते, कोरडे डोंगर आणि निवडुंग दिसतात. दीड-दोन तासांत देखावा पार बदलतो. नेचे, ऑर्किड आणि शेवाळाने लगडलेली झाडे दिसू लागतात आणि डोंगरमाथे ढगांत बुडालेले असतात. असे का होते? सह्याद्रीला पाऊस देणारे वारे पश्चिमेकडून, अरबी समुद्रावरून येतात. येथे बाष्पाने भरलेले वारे पूर्वेकडून, अॅमेझॉनच्या खोऱ्यातून येतात आणि अँडीजच्या पूर्व उतारावर पाऊस पाडतात. आपली गाडी त्याच ओल्या बाजूकडे उतरत आहे. माचू पिक्चूला वर्षाकाठी सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा थोडाच कमी!

हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या सहलीचे खरे कोडे त्यातच आहे.

रूळ वाहून गेले, भिंती राहिल्या

जानेवारी २०१० मध्ये या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. उरुबांबेला पूर आला, दरडी कोसळल्या आणि लोहमार्ग जागोजागी वाहून गेला. गाडी जेथे थांबते त्या आग्वास कालियेंतेस गावाला थेट मोटाररस्ता नाही. त्यामुळे सुमारे ४००० पर्यटक अडकून पडले आणि त्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. एप्रिलच्या आरंभापर्यंत माचू पिक्चू बंद होते. मात्र वरच्या जुन्या शहराची म्हणण्यासारखी हानी झाली नाही. नदीकाठचा मार्ग पुराच्या तोंडी होता आणि शहर उंचावर, हे खरे. पण वर पाऊस तर तितकाच कोसळत होता आणि उतारही खडे आहेत. मग सुमारे ६०० वर्षांपूर्वीचे ते शहर घसरून खाली का आले नाही?

आग्वास कालियेंतेसला उतरून बसने वळणे घेत सुमारे ४०० मीटर वर चढा, म्हणजे उत्तर डोळ्यांसमोर येईल.

अर्धे शहर जमिनीखाली

समोर हिरव्या पायऱ्यांसारखी शेते, त्यांच्यामागे करड्या दगडाच्या सुमारे २०० वास्तू आणि पाठीशी सुळक्यासारखे वायना पिक्चू शिखर. हे शहर इंका सम्राट पाचाकुती याच्या काळातील मानतात. येथील मानवी अस्थींच्या किरणोत्सारी कार्बन पद्धतीने केलेल्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार येथे सुमारे १४२० ते १५३० या काळात वस्ती होती.

अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगम २४ जुलै १९११ रोजी येथे आले आणि शहराची कीर्ती जगभर झाली. त्यांना वाट दाखविली ती मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने. वर काही शेतकरी कुटुंबे त्याच पायऱ्यांवर पिके काढीत होती. इतकेच नव्हे, तर आगुस्तीन लिसारागा याने १९०२ सालीच एका भिंतीवर आपले नाव लिहून ठेवले होते. तेव्हा ‘बिंगम यांनी शोध लावला’ असे कोणी म्हणाले, तर ‘कोणासाठी?’ असे जरूर विचारा.

आता एका पायरीच्या बांधापाशी उभे राहा. मुसळधार पावसात उतारावरची माती पाणी पिऊन जड होते. कणांमधील पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि दरड सुटते. इंका स्थापत्यकारांनी यावर उपाय केला तो पाण्याला वाट देण्याचा. त्यांनी प्रत्येक पायरीत तळाशी मोठे दगड, त्यांवर खडी व वाळू आणि सर्वांत वर सुपीक माती असे थर रचले. पावसाचे पाणी मुरते, पण साठत नाही. शहराच्या मधल्या पटांगणाखाली दगड घडविताना निघालेल्या कपच्यांचा जाड थर आहे. केनेथ राइट या जलअभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह अनेक वर्षे येथे अभ्यास केला. त्यांचा अंदाज असा, की या शहराचे सुमारे ६० टक्के बांधकाम जमिनीखाली आहे! पिण्यासाठी ७४९ मीटर लांबीचा पाट डोंगरातील झऱ्याचे पाणी आणीत असे आणि ते एकाखाली एक असलेल्या १६ कारंज्यांतून खेळत जाई.

हे सारे लोखंडी हत्यारांवाचून आणि चाकाच्या गाडीवाचून झाले. कठीण दगडगोट्यांनी ठोकून ग्रॅनाइट घडविला जाई. उत्तम भिंतींचे दगड चुन्याशिवाय एकमेकांत इतके घट्ट बसविले आहेत, की फटीत चाकूचे पाते शिरत नाही. भिंती किंचित आत कललेल्या असून दारे-खिडक्या वर अरुंद व खाली रुंद आहेत. भूकंपात अशी रचना तग धरते. १९५० साली कुस्कोला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा इंकांच्या सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी बांधलेल्या मठाची मोठी पडझड झाली, पण खालच्या इंका भिंती उभ्याच राहिल्या.

आपल्या पावलांचे ओझे

पावसाला आणि भूकंपाला पुरून उरलेल्या या शहराला आज धोका आहे तो आपल्यासारख्या पाहुण्यांचा. १९८३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. आता येथे दररोज हजारो माणसे येतात. पावलांनी पायऱ्यांचे दगड झिजतात आणि माती दबते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणजे इंकांनी ठेवलेली वाटच आपण बुजवतो. २००० साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणात यंत्राचा धक्का लागून ‘इंतिवाताना’ या पवित्र शिळेचा टवका उडाला. शेकडो पावसाळ्यांनी जे केले नाही, ते एका क्षणात झाले. म्हणून आता रोजच्या प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा आहे आणि ठरवून दिलेल्या वाटेनेच फिरावे लागते. मार्गदर्शक मागून टोकत असेल, तर रागावू नका!

परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी एक प्रयोग सांगतो. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्यांचे वरचे भाग कापून टाका व दोन्हींच्या तळाला सारखीच छिद्रे पाडा. एकीत नुसती चिकणमाती भरा. दुसरीत खाली खडे, मग बारीक खडी, मग वाळू आणि वर तीच माती थोडी घाला. दोन्हींत एक-एक पेला पाणी ओतून घड्याळ लावा. खालून किती पाणी किती वेळात बाहेर येते आणि कोणती बाटली शेवटी अधिक जड राहते, याची नोंद करा.

पुढच्या वेळी घाटातून जाल तेव्हा रस्त्याकडेच्या दगडी संरक्षक भिंतीकडेही नीट पाहा. तिच्यात ओळीने ठेवलेली भोके दिसतील. पावसाळ्यात त्यांतून पाणी ठिबकत असेल, तर भिंत आपले काम चोख करीत आहे असे समजा. पण भोके मातीने बुजलेली दिसली, तर तिच्या मागे पाणी साठत असणार. मग काय होऊ शकते, हे आता तुम्हांला सांगायला नको!