शिष्यवृत्तीची सूचना आणि बँकेचे खाते

कॉलेजच्या सूचनाफलकावर शिष्यवृत्तीची सूचना लागते ती चार ओळींची. मुले अर्ज भरतात आणि पुढे महिनोन्‌महिने 'रक्कम का आली नाही' म्हणून कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासूनची. महाराष्ट्रात आता तिचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात.

अडते ते बहुधा खात्यापाशी. 'मी बँकेत आधार दिले आहे,' असे विद्यार्थी सांगतात. पण ओळखीसाठी आधारची प्रत देणे वेगळे आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी खाते आधारशी जोडणे वेगळे. दुसऱ्यासाठी शाखेत संमतीपत्र द्यावे लागते. काउंटरवरच्या गर्दीत हा फरक कोण समजावणार? दोन-तीन बँकांत खाती असतील, तर ज्या बँकेत ही जोडणी शेवटी झाली तेथेच रक्कम जाते. मग ती गावाकडच्या जुन्या खात्यात निमूट पडून राहते आणि बोल लागतो कॉलेजच्या लिपिकाला!

विद्यार्थी मित्रांनी अर्जापूर्वीच ही जोडणी कोणत्या बँकेत आहे ते पाहावे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ते दिसते. मात्र आधारला नोंदवलेला मोबाईल क्रमांक चालू हवा.