मुरलेल्या पाण्याचा माग

अमेरिकेतल्या शाळा, गोदामं, मॉल यांची छतं बहुतेक सपाट असतात, पण तेवढं एक सोडलं तर आपल्या गच्चीशी त्यांचं फारसं नातं नाही. खाली पन्हाळीदार पोलादी पत्रा, त्यावर उष्णतारोधक फोमचे किंवा तंतूंचे जाड तक्ते, त्यावर डांबरात बसवलेले फेल्टचे तीन-चार थर आणि सगळ्यात वर खडी. या थरांमध्ये एकदा पाणी शिरलं की त्याला बाहेर पडायला वाट नसते. ते आडवं पसरतं, पत्र्याच्या पन्हाळीतून वाहत जातं, आणि भोक एकीकडे तर ठिबक दुसरीकडे असा प्रकार होतो. ठिबकणारं छत निदान तक्रार तरी करतं. न ठिबकता आतून भिजत राहणारं छत जास्त महागात पडतं. पत्रा गंजतो, तक्ते कुजतात आणि हिवाळ्यात इमारत गरम ठेवण्याचा खर्च वाढत जातो. अशा वेळी मालकाचा प्रश्न साधा असतो : सगळं छत उखडायचं, की भिजलं आहे तेवढंच?

त्याचं उत्तर शोधायला एक माणूस पेटी घेऊन छतावर चढतो. पेटीत अमेरिशिअम-२४१ आणि बेरिलिअम यांचं मिश्रण असलेली छोटी सीलबंद कुपी असते. अमेरिशिअममधून निघालेले अल्फा कण बेरिलिअमवर आदळले की वेगवान न्यूट्रॉन सुटतात. जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉनचा शोध लावला तोही बेरिलिअमवर अल्फा कणांचा मारा करूनच. त्यांच्याकडे अल्फा कणांसाठी पोलोनिअम होतं, एवढाच फरक.

हे न्यूट्रॉन छतात शिरतात आणि अणुकेंद्रांवर आपटत फिरतात. गोट्या खेळलेल्यांना पुढचं सांगायला नको. गोटी पाट्यावर आपटली तर जवळजवळ त्याच वेगानं परत येते. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीला नेमकी लागली तर जागीच थबकते. न्यूट्रॉनच्या वजनाची गोटी म्हणजे हायड्रोजनचं केंद्र. हायड्रोजनशी अठरा-वीस टकरा झाल्या की न्यूट्रॉन पुरता मंदावतो. कार्बनशी त्यासाठी शंभरावर टकरा लागतात, लोखंडाशी त्याहून कितीतरी जास्त. पेटीतल्या हेलिअम-३ वायूच्या नळीला फक्त हे मंदावलेले, परत वर आलेले न्यूट्रॉन मोजता येतात. आकडा मोठा, म्हणजे खाली हायड्रोजन जास्त.

हायड्रोजन जास्त, पाणी जास्त नव्हे. सगळी मेख इथे आहे. डांबरात हायड्रोजन आहे, फोममध्येही आहे. जुन्या दुरुस्तीत कुणी फेल्टचे दोन थर जादा चढवले असतील, कठड्यालगत डांबर सढळ हातानं ओतलं असेल, तर तिथलं छत ठणठणीत कोरडं असूनही आकडा चढतो. म्हणून या यंत्राचा एकटा आकडा निरर्थक असतो. तो शेजारच्या आकड्यांशी ताडूनच वाचावा लागतो.

त्यामुळे काम चिकाटीचं. छतावर खडूनं किंवा रंगानं पाच-पाच किंवा दहा-दहा फुटांच्या चौकटी आखायच्या. प्रत्येक छेदबिंदूवर पेटी ठेवायची, काही सेकंद थांबायचं, आकडा लिहायचा, पुढे सरकायचं. वर पाणी साचलेलं नको, नाहीतर तेच मोजलं जाईल. मग सगळे आकडे नकाशावर मांडले की चढ-उतार दिसू लागतात. एका बाजूला कोरड्या छताचा सलग गट, दुसरीकडे वर गेलेले आकडे आणि मध्ये संशयितांची गर्दी.

संशय सुरीनं फिटतो. खडी बाजूला सारून, फेल्ट कापून तक्त्याचा तुकडा थेट पत्र्यापर्यंत बाहेर काढतात. कधी तो हातात घेताच पाणी गळतं. कधी वरून कोरडा वाटतो आणि बोट दाबलं की तळ ओला लागतो. तुकडा पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत वजन करतात, भट्टीत वाळवतात, पुन्हा वजन करतात. छतावरचं भोक त्याच दिवशी बुजवावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. कमी, मध्यम, जास्त अशा आकड्यांच्या जागी एकेक तुकडा काढला की नकाशाला अर्थ येतो. ज्या सर्वेक्षणाच्या अहवालात असे तुकडे कापल्याची नोंद नाही, त्यावर मी तरी पैसे टाकणार नाही.

ही युक्ती मुळात मातीची. कॉर्नेल विद्यापीठात १९५० च्या सुमारास जमिनीतली ओल न्यूट्रॉननं मोजण्याचं काम झालं. छतं पुढे आली. न्यू हॅम्पशरमध्ये हॅनोव्हर इथं अमेरिकी लष्कराची शीत प्रदेशांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या वेन टोबियासन आणि चार्ल्स कोर्होनेन यांनी छतातली ओल शोधण्याच्या पद्धती पारखल्या. ‘भिजलेलं’ कशाला म्हणायचं यालाही टोबियासन यांनी एक व्यवहारी रेष आखून दिली : तक्त्याची उष्णतारोधक शक्ती कोरड्याच्या ८० टक्क्यांखाली गेली की तो भिजलेला. उष्णता टिपणारा अवरक्त कॅमेरा एका नजरेत सगळं छत दाखवतो, पण त्याला ऊन पडलेल्या दिवसानंतरची कोरडी, बिनवाऱ्याची रात्र लागते आणि जाड खडीखाली त्याची दृष्टी अधू होते. न्यूट्रॉनला ढगाळ दुपारही चालते. मात्र दोन बिंदूंच्या मध्ये लपलेला ओला पट्टा त्याच्या नजरेतून निसटू शकतो.

आणि कुपीचा धाक आहेच. अशा पेटीत साधारण ४० मिलिक्युरी अमेरिशिअम असतं; घरगुती धूरसूचकातल्यापेक्षा साधारण चाळीस हजार पट. परवाना, छातीवर डोस मोजणारा बिल्ला, कुपी झिरपत नाही ना याची ठरावीक मुदतीनं पुसून तपासणी, गाडीत कुलूपबंद ठेवणं, छतावर पेटी क्षणभरही एकटी न सोडणं, असा सगळा जामानिमा. अमेरिशिअमचं अर्धायुष्य ४३२ वर्षं, म्हणजे पेटी म्हातारी झाली तरी कुपी तरुणच. ती भंगारात काढता येत नाही. दिल्लीतल्या मायापुरी भंगार बाजारात २०१० मध्ये जुन्या उपकरणातलं कोबाल्ट-६० उघडं पडलं आणि त्यात एकाचा जीव गेला, हे आठवलं की हे नियम जाचक वाटत नाहीत.

आपल्याकडे असं उपकरण वापरायचं तर मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमांत बसावं लागतं. पण स्लॅब आणि त्यावरचा विटांचा कोबा यांच्यापुढे हे यंत्र गोंधळेल असं मला वाटतं. सिमेंटनं पाणी कायमचं बांधून ठेवलेलं असतं, आणि उतारासाठी कोब्याची जाडी जागोजागी बदलते. आकडा ओलीनं वाढला की जाडीनं, हे ठरवता ठरवता नाकी नऊ येतील. त्यापेक्षा पाण्याची तोंडं बुजवून दोन दिवस गच्चीवर तळं करायचं आणि खालच्या घरातल्या छताकडे लक्ष ठेवायचं, हा सोसायट्यांचा नेहमीचा उपाय बरा. तो ओल कुठे मुरली आहे ते सांगत नाही, फक्त गळतं की नाही एवढंच सांगतो.