फाल्गुनातील परसबाग आणि पापडीचे बी

वसंताचे वर्णन कवींनी आम्रमंजिरीपासून आरंभावे हे योग्यच. परंतु सुरतेत ज्यांच्या घरामागे दोन-तीन गुंठे मोकळी जमीन आहे, त्यांचा वसंत वाळत चाललेल्या पापडीच्या वेलापासून सुरू होतो. माघ सरता सरता उंधियूचा हंगाम ओसरतो, शेंगा निबर होतात आणि हौशी बागवान वेल उपटून वाफा मोकळा करण्याच्या घाईस लागतो. ही घाई करण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे.

कतारगामची पापडी हे सुरतेचे भूषण. आखूड, कोवळी आणि स्वतःचा असा वास असलेली ही शेंग नसेल, तर उंधियूस सुरती म्हणवत नाही. तापीकाठच्या ज्या शेतांनी तिला नाव दिले, तेथे आज हिऱ्यांचे कारखाने आणि बहुमजली इमारती उभ्या आहेत. पापडी बाजारात अद्याप येते, ती अन्य गावांतून. आणि ‘सुरती’ या एका नावाखाली विकले जाणारे बी नेमके कोणते, हे वेल फळल्यावरच कळते. जुने बी आता टिकणार असेल, तर शेतांइतकेच घरच्या परसांत.

ते धरणे अवघड नाही. पापडी बहुतांशी स्वपरागित असल्यामुळे बी जातीवर जाते. दुसऱ्या जातीचा वाल अगदी लगत नसावा, एवढेच. चूक होते ती निवडीत. खाऊन उरलेल्या शेवटच्या शेंगा बियांसाठी ठेवण्याची पद्धत आहे. त्या किडक्या आणि दुबळ्या असतात. उत्तम वेल हंगामाच्या मध्यावरच हेरावा आणि त्याच्या काही शेंगा तोडूच नयेत. वेलावर वाळल्यावर त्या काढून दोन-तीन उन्हे द्यावीत. दाणा दाताखाली कट्कन फुटला की वाळला असे समजावे. मग एरंडेलाचे बोट फिरवून किंवा चाळलेल्या राखेत घोळून तो घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा. अन्यथा भुंगा लागतो. अर्धे बी शहराच्या दुसऱ्या भागातील आप्तांकडे ठेवावे. 2006च्या ऑगस्टमधील तापीचा महापूर पाहिलेल्यांना याचे कारण सांगावयास नको.

खानदेशातून तापीच्याच वाटेने येथे आलेल्या आपल्या कुटुंबांनी भरताच्या हिरव्या वांग्याचेही एखादे सुदृढ फळ झाडावर पिवळे पडू द्यावे.

बी काढून झाल्यावरही पापडीचा वेल उपटू नये, जमिनीलगत कापावा. मुळांवरील गाठींतील नत्र मातीतच राहते आणि पुढील वेलास मिळते. त्याच जागी अळी करून शेणखत घालावे आणि दुधी, दोडका, घोसाळे, कारले यांचे बी महाशिवरात्रीच्या आगेमागे टोकावे. भेंडी आणि गवार सऱ्यांवर. भेंडीचे बी रात्रभर भिजवलेले असावे. याहून फार उशीर झाला, तर वेल वाढतो पण फळत नाही, कारण उष्मा वाढला की या वेलांवर नरफुलांचीच दाटी होते आणि मादीफुले, म्हणजे ज्यांच्या मागे इवलेसे फळ असते ती, विरळ होतात.

फुले येऊनही फळे गळतात, ही तक्रार मी दर वर्षी ऐकतो आणि तिच्यावर नाना औषधे फवारलेली पाहतो. वास्तविक दुधीचे पांढरे फूल तिन्हीसांजेस उमलते व त्याची पतंग वाट पाहत असतात, दोडकाही संध्याकाळचाच. कारले आणि घोसाळे सकाळची, मधमाश्यांची. ज्या वस्तीत पतंग उरले नाहीत, तेथे दिवेलागणीस नरफूल तोडून मादीफुलाच्या मध्यावर हलके टेकवावे. घरातील मुलांना हे काम फार आवडते. सकाळच्या फुलांवर माश्या येत असताना फवारणी करणे म्हणजे आपल्याच पाहुण्यांना हाकलणे होय. फळमाशीसाठी कामगंध सापळा टांगावा आणि डंखलेली फळे कंपोस्टात न टाकता खोल पुरावीत.

आता पाण्याविषयी. येथील काळी माती तापली की भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. म्हणून रोज वरवर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी सकाळी पोटभर पाणी द्यावे आणि अळ्यात वाळल्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन ठेवावे. समुद्राकडील भागांत कूपनलिकेचे पाणी खारट लागते. ते आणि जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी शेंगवर्गास तरी देऊ नये; क्षार त्यांना सोसत नाहीत.

चैत्र-वैशाखात सुरणाचे डोळा असलेले, अर्ध्या किलोचे तुकडे शेणकाल्यात बुडवून, सुकवून लावावेत. कंदाचीही लावणी तेव्हाच. पुढच्या उंधियूची तयारी ती हीच. राखलेले पापडीचे बी मात्र श्रावण-भाद्रपदापर्यंत बरणीतच राहू द्यावे. काही उत्साही मंडळी ते चैत्रातच टोकतात; वेल मांडवभर पसरतो, शेजारी कौतुक करतात, पण जुन्या जातीची ही पापडी दिवस लहान झाल्याखेरीज फुलावर येत नाही.