मत आहे, पण मताची माहिती आहे का?

आमच्या कचेरीत निवडणुकीच्या दिवसांत एक साहेब चहा पिताना म्हणाले, "अडाण्यांना मत कशाला हवे? निदान दहावी पास असावा." मी गप्प बसलो नाही. कारण हा प्रश्न आपल्या माणसांना पूर्वीही विचारला गेला होता.

इंग्रजांच्या राज्यात मताचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षण पाहून मिळे. कष्टकरी माणूस यादीत बसतच नसे. 1928 साली सायमन कमिशनपुढे परमपूज्य बाबासाहेबांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मागितले. घटनेच्या 326 व्या कलमाने ते मिळाले. सही न येणाऱ्या आपल्या आज्यांनी 1952 साली मत दिले ते त्यामुळेच. तेव्हा मताला शिक्षणाची अट असूच नये. पण मग माहिती नको, असे मात्र नाही.

त्याच 1952 च्या निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे होते. ते हरले, हे घरोघरी ठाऊक आहे. बाद मतांची गोष्ट मात्र आपण मुलांना सांगत नाही. तिथून दोन खासदार निवडायचे होते, एक सर्वसाधारण व एक राखीव. प्रत्येकाला दोन मते होती. दोन्ही एकाच उमेदवाराला दिली, तर एकच मोजायचे व दुसरे बाद, असा कायदा होता. बाबासाहेब व अशोक मेहता यांनी पुढे निवडणूक अर्ज केला. मतदारांना दुसरे मत वाया घालवायला शिकवले गेले, अशी त्यात तक्रार होती. बाद मतपत्रिकांचा आकडा 74,333 दिला होता. बाबासाहेब साडेचौदा हजारांनी हरले होते. म्हणजे बाद मते त्याच्या पाचपट! अर्ज फेटाळला गेला.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. 2017 साली पुण्यासारख्या महापालिकांत एकेका प्रभागात चार-चार जागा होत्या. चार मते कशी द्यायची हे कितीजणांना कोणी समजावले होते?

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते, की राजकारणात समता येईल, पण समाजात व अर्थव्यवहारात विषमता राहील. शिकलेला श्रीमंत माणूस साहेबांना फोन करून काम करून घेतो. आपल्याजवळ मतच आहे. माहितीअभावी तेही वाया गेले, तर कागदावरची समताही हातची जाईल.

म्हणून बांधवांनो, एवढे करा. यादीतले घरातले प्रत्येक नाव आजच तपासा. अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींचा, आणि सासरी आलेल्या सुनेचाही, अर्ज भरा. उमेदवार आपल्या शपथपत्रात मालमत्ता, शिक्षण व गुन्हे लिहून देतो. ते एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर मुकाट्याने परतू नका. ओळख पटवून प्रदत्त मत मागा, तो तुमचा हक्क आहे.

रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास यासाठी ठेवावा. साहेबांना खरे उत्तर तिथूनच मिळेल.