पंप, पाषाण आणि अग्नी

सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं. एकेकाळच्या सायकलींच्या पुण्यात हा अनुभव कोणाला नव्हता? दोष बहुतेकजण दट्ट्याच्या घासण्याला देतात. खरं कारण वेगळं आहे: दाबली गेलेली हवा तापते.

अवकाशातून परतणाऱ्या अग्निबाणाचंही तेच. आवाजाच्या कित्येक पट वेगानं तो खाली येतो, समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दबते आणि भट्टीसारखी तापते. फ्रान्सच्या ‘ओनेरा’ संस्थेनं हे तपासायला १९५९ ते १९६१ या काळात ‘अंतारेस’ हा चार टप्प्यांचा अग्निबाण उडवला. गंमत म्हणजे शेवटचा टप्पा उतरताना पेटवायचा, म्हणजे वातावरणावरची धडक आणखी जोरात!

भारताची अशी परीक्षा २२ मे १९८९ची. आधी दोनदा उड्डाण लांबलं होतं. मग ओडिशातल्या चांदीपूरहून दोन टप्प्यांचं ‘अग्नी’ क्षेपणास्त्र सुटलं. खालचा टप्पा एसएलव्ही-३ या उपग्रह-प्रक्षेपकाचा, घन इंधनाचा. वरचा द्रव इंधनाचा. नाकाशी कार्बन-कार्बनचं कवच. कार्बनच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवायचं, हवेविना भाजायचं, उरलेली भोकं पुन्हा भरायची, पुन्हा भाजायचं. चिकाटीचं काम. असं कवच अडीच-तीन हजार अंशांतही टिकतं. पोलाद त्याच्या बरंच आधी वितळतं.

अशा घन इंधनावरचं संशोधन पुण्यातही चालतं, पाषाणजवळ सुतारवाडीच्या ‘एचईएमआरएल’ या संरक्षण प्रयोगशाळेत. रस्त्यावरून मात्र नुसती भिंत दिसते.