घरच्या लांकडाची डुलती खुर्ची

शेतकऱ्याच्या बांधावरचें अगर परसांतलें झाड विकलें जातें तेव्हां तें कसें विकलें जातें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. व्यापारी येतो, सरळ खोडाची लांबी व घेर मोजतो, घनफुटाचा हिशेब करितो आणि भाव ठरतो. उरलेला भाग, म्हणजे बुंध्याचा मुळांकडील फुगवटा, अंगावरील गांठी, आणि खोडांतून दोन जाड फांद्या जेथें फुटतात तें दुबेळकें, हा सगळा 'जळाऊ' या सदराखालीं फुकापासरी जातो, अगर आपल्याच चुलींत जातो. वस्तुतः झाडांतील अत्यंत देखणें लांकूड याच भागांत असतें. त्याचा उपयोग कसा करावा याचें एक उदाहरण म्हणून, आम्हीं स्वतः गांवच्या सुताराकडून करवून घेतलेल्या डुलत्या खुर्चीची हकीकत येथें देत आहों. तींत आमची एक फजितीही आहे. ती लपविली तर लेखाचा अर्धा उपयोग जाईल.

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलें आणि दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या बाजूच्या नारळी-पोफळी, आंबे, फणस किती आडवे झाले हें सर्वांस आठवत असेल. आमच्या परसांतला जुना फणस त्याच दिवशीं मुळासकट पडला. खोड विकलें. दुबेळकें मात्र आमच्या सुतारानें हट्टानें ठेवून घेतलें. "मालक, हें जाळाल तर पस्तावाल," असें तो म्हणाला, व तें खरें होतें.

दुबेळक्यांत नक्षी कां उमटते हें समजून घेणें जरूर आहे. सरळ खोडांत तंतू एकमेकांस समांतर वर चढतात. अशा लांकडाची फळी साधी, रेघारेघांची दिसते. दोन फांद्या फुटतात त्या जागीं दोहींकडील तंतू एकमेकांवर रेटले जातात, पिळतात, एकमेकांत गुंततात. फळी कापली म्हणजे हे तंतू कोठें आडवे, कोठें उभे, कोठें तिरपे तुटतात, आणि प्रत्येकावरून उजेड निराळा परततो. त्यामुळें मोराच्या पिसाऱ्यासारखी आकृति दिसूं लागते. पण ही आकृति हातीं लागण्यास करवत नेमकी चालली पाहिजे. दोन्ही फांद्यांच्या गाभ्यांतून जाणारी जी पातळी, तिच्याशीं समांतर अशा फळ्या पाडाव्या. मधल्या दोन-तीन फळ्यांतच पिसारा भरगच्च येतो. कडेच्या फळ्या सामान्य निघतात. आरागिरणीवर स्वतः उभें राहून ओंडका कसा ठेवावयाचा तें दाखवावें. गिरणीवाला आपल्या सोयीनें ओंडका आडवा टाकून कापील तर पिसाऱ्याचे तुकडे होतील, आणि तें नुकसान मागाहून भरून येत नाहीं.

येथें एक सूचना. पडलेल्या झाडाची गोष्ट निराळी. परंतु उभें झाड तोडावयाचें असल्यास झाडें तोडण्याचें नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा लक्षांत ठेवावा. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, चिंच, जांभूळ हीं झाडें त्याच्या अनुसूचींत आहेत, व तीं स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. लांकूड गिरणीपर्यंत नेण्यास वाहतुकीचा पास लागतो कीं काय, हेंही वनखात्याच्या कचेरींत आधीं विचारून घ्यावें. वाटेंत गाडी अडविली गेल्यावर विचारण्यांत अर्थ नाहीं.

आतां लांकूड वाळविण्याविषयीं. या कामीं घाई करणाऱ्यानें खुर्चीचा नाद करूंच नये. ओलें लांकूड वाळतांना आंखडतें, पण सर्व दिशांनीं सारखें आंखडत नाहीं. लांबींत तें जवळजवळ मुळींच कमी होत नाहीं. गाभ्यापासून सालीकडे थोडें, आणि वर्षवलयांच्या दिशेनें त्याच्या सुमारें दुप्पट आंखडतें. सरळ फळींत यामुळें फारसें बिघडत नाहीं. दुबेळक्याच्या फळींत मात्र तंतू सर्व दिशांना धांवत असल्यामुळें एकाच फळींत ओढाताण सुरू होते, आणि ती घाईनें वाळविली तर नेमकी पिसाऱ्याच्या मधोमध भेग जाते.

आम्हीं असें केलें. कापल्याबरोबर त्याच दिवशीं फळ्यांच्या दोन्ही टोकांस डांबराचा जाड हात दिला, कारण ओल टोकांतून फार झपाट्यानें निघते. फळ्या दीड इंच जाडीच्या ठेविल्या. वाळल्यावर व रंधल्यावर सव्वा इंच राहते. पडवींत, जेथें ऊन व पावसाची झड पोंचत नाहीं पण वारा खेळतो अशा जागीं, जमिनीपासून हातभर उंच चौथरा करून त्यावर फळ्या रचल्या. दोन फळ्यांमध्यें दर दीड फुटावर इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या घातल्या, व सर्व पट्ट्या एकाखालीं एक येतील अशी काळजी घेतली. पट्टी पुढेंमागें झाली कीं फळीस पोंक येतो. वर दगडांचें वजन ठेविलें.

दर इंच जाडीस एक वर्ष, हा सुतारांचा जुना अंदाज आहे व तो वाईट नाहीं. पण कोंकणच्या दमट हवेंत नुसत्या अंदाजावर विसंबूं नये. प्रत्येकाच्या घरीं कांटा असतो. एक फळी ठरवून ती दर महिन्याच्या एकाच तारखेस तोलावी व आंकडा तिच्यावरच खडूनें लिहावा. आमची फळी आरंभीं १३ किलो भरली. पहिला पावसाळा संपतां ती ११ वर आली, दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यांत ८ वर येऊन थांबली, आणि पुढील पावसाळ्यांत पाव किलोनें पुन्हां वाढली. वजन याप्रमाणें ऋतूबरोबर थोडें वरखालीं होऊं लागलें, परंतु एकंदरींत उतरेनासें झालें, म्हणजे फळी तयार झाली असें समजावें. हल्लीं ओल मोजण्याचें लहान विजेरी यंत्रही मिळतें. तें सोयीचें आहे, पण कांट्याचें काम कांटा चांगलें करितो.

फणसाचा बाहेरचा फिकट थर काढून टाकावा. त्यांत भुंगा लागतो व लांकडाचें पीठ पडतें. आंतील पिवळें लांकूड टिकाऊ असून वर्षादोन वर्षांत उजेडानें तांबूस तपकिरी होत जातें.

यापुढें जो मुद्दा आहे तो आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. नक्षीचें लांकूड सुंदर असतें त्याच कारणानें दुबळें असतें. तंतू लांबवर अखंड असले तरच लांकूड भार सोसतें. पिळलेले, तुटलेले तंतू भाराखालीं कडकन् मोडतात. कुळवाची दांडी किंवा गाडीचें जूं कोणी गांठीच्या लांकडाचें करीत नाहीं, तोच न्याय येथेंही लागू आहे. म्हणून पिसाऱ्याची फळी डोक्यामागें, बसण्याच्या जागीं आणि फार तर हातांच्या टोंकांस वापरावी. पाय, पाठीच्या उभ्या पट्ट्या आणि खालचीं डोलपाटें हीं सरळ तंतूंच्या लांकडाचींच पाहिजेत. आम्हीं यासाठीं जुन्या घराच्या मोडक्या सागवानी तुळया वापरल्या. असें लांकूड कित्येक वर्षें वाळलेलें असतें; फक्त रंधा लावण्यापूर्वीं आंतील खिळे कसून शोधावे, नाहीं तर पात्याची धार जाते आणि सुताराचें डोकेंही.

अमेरिकेंत सॅम मालूफ (१९१६–२००९) नांवाचा एक कारागीर होऊन गेला. अक्रोडाच्या लांकडाच्या डुलत्या खुर्च्यांबद्दल त्याची मोठी कीर्ति होती, व त्याच्या खुर्च्या तेथील अध्यक्षांच्या निवासांतही पोंचल्या. त्याच्या कामाचीं चित्रें पाहिलीं तर सांधे कोठें आहेत तें डोळ्यांस कळत नाहीं; पाय डोलपाटांत वितळल्यासारखे उतरतात. तें कौशल्य आमच्या आवाक्यांतलें नाहीं. कुसूं आणि भोंक यांचा साधा, घट्ट सांधा आम्हांस पुरे आहे. मापें म्हणाल तर बैठकीची पुढची उंची १६ इंच, खोली १८ इंच, रुंदी २० इंच. बैठक मागच्या बाजूस दीड इंच उतरती ठेवावी. पाठ बैठकीशीं काटकोनाहून पंधरा अंश अधिक कललेली असावी.

आतां आमची फजिती. डोलपाटाचा वक्र कसा आंखावा हा प्रश्न आला तेव्हां पडवींत जुन्या बैलगाडीची लोखंडी धांव उभी होती. तिचा व्यास ४ फूट ८ इंच. आयता गोल सांपडला म्हणून आम्हींच सुतारास ती जमिनीवर ठेवून तिच्या कडेनें रेघ ओढावयास सांगितली. त्यानें मान हलविली, पण मालकाचा शब्द म्हणून ऐकलें. खुर्ची तयार झाली, आमचे थोरले काका मोठ्या हौसेनें बसले, पाठ टेकून पाय जरा सैल सोडले, आणि खुर्ची त्यांच्यासह मागें गेली. मागें भिंत होती म्हणून ते बचावले. तरी पुढें कित्येक दिवस त्यांनीं त्या खुर्चीकडे पाहिलें नाहीं.

चूक कोठें झाली तें हिशेबानें पाहूं. बसलेल्या माणसाचा भारमध्य बैठकीच्या सुमारें ९ इंच वर, म्हणजे जमिनीपासून २५ इंचांवर असतो. डोलपाट हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा होय. त्या वर्तुळाचा मध्य भारमध्याच्या वर जितका अधिक, तितकी खुर्ची स्थिर. धांवेची त्रिज्या २८ इंच. त्यांतून २५ वजा जातां उरले केवळ ३. बसणारा पाठ टेकून दोन इंच मागें सरकला, तर ही खुर्ची तीस अंशांहून अधिक मागें कलल्यावांचून तोल सांपडत नाहीं, म्हणजे बसणाऱ्याचें तोंड आढ्याकडे होतें. वर झोंक मिळाला कीं कारभार आटोपला. त्रिज्या ४२ इंच घेतली तर २५ वजा जातां १७ उरतात, आणि तेच दोन इंच सरकल्यानें खुर्ची सात अंशांच्या आसपास कलते. एवढा डोल अंगास सुखाचा वाटतो. उलट त्रिज्या भलतीच वाढविली, पांच फुटांच्या घरांत नेली, तर खुर्ची डोलत नाहीं. नुसते तोटके, भरभर हेलकावे देते व म्हाताऱ्या माणसास त्याचा त्रास होतो. उंच माणसाचा भारमध्य थोडा वर असतो, त्याच्यासाठीं त्रिज्या एक-दोन इंच वाढवावी.

दुसऱ्या खेपेस वक्र खळ्यांत आंखला. मेढीप्रमाणें एक खुंटी ठोकली, तिच्यापासून साडेतीन फुटांवर भोंक पाडलेली लांकडी पट्टी फिरवून शेणानें सारवलेल्या जमिनीवर टोंकदार खिळ्यानें रेघ ओढली, आणि पातळ फळीवर ती उतरवून घेतली. दोरी वापरूं नये, ती ताणते. डोलपाटाची लांबी ४४ इंच, जाडी दीड इंच ठेविली, आणि पुढच्यापेक्षां मागची बाजू बरीच लांब ठेविली. दोन्ही पाटें एकावर एक आंवळून एकदमच तासावीं, म्हणजे त्यांत फरक पडत नाहीं. केंसभर फरक पडला तरी खुर्ची डोलतां डोलतां एका बाजूस सरकत जाते.

पाट पायांस लगेच कायमचे जोडूं नयेत. आधीं सुतळीनें घट्ट बांधावे, ज्याच्यासाठीं खुर्ची आहे त्यालाच बसवावें आणि पाहावें. तो स्वस्थ बसला असतां खुर्ची किंचित् मागें कललेली राहिली पाहिजे. पुढें ढकलत असेल तर पाट थोडे पुढें-मागें सरकवून पुन्हां बसवावें. अर्ध्या इंचानें मोठा फरक पडतो. काकांना या परीक्षेस बसविण्यास आम्हांस बरीच मनधरणी करावी लागली. जागा ठरली कीं खूण करून सांधा करावा व खालून पितळी स्क्रू द्यावे. लोखंडी स्क्रू दमट हवेंत गंजतात व लांकडावर काळे डाग पाडतात. पूर्वीं सुतार सरस वापरीत, पण तो ओलीनें सुटतो. हल्लींचा पाण्यास टिकणारा डिंक वापरावा. मात्र बैठकीची फळी चोहों बाजूंनीं डिंकानें जखडूं नये. पुढची कड पक्की करावी व मागचे स्क्रू लांबट भोंकांत बसवावे, म्हणजे पावसाळ्यांत फुगण्यास व उन्हाळ्यांत आंखडण्यास तिला वाव राहतो.

नक्षीच्या फळीवर रंधा चालवितांना तिचे आडवेतिडवे तंतू उपटून खळगे पडतात. पातें अतिशय धारदार, पापुद्रा अत्यंत पातळ, आणि शेवटचा हात रंध्याचा नव्हे तर पोलादी खरवडपट्टीचा किंवा फुटक्या कांचेच्या धारेचा द्यावा. मग कांचकागद. रंग मुळींच लावूं नये. ज्यासाठीं दोन वर्षें थांबलों तेंच झांकण्यांत शहाणपण नाहीं. शिजविलेलें जवसाचें तेल फडक्यानें चोळावें, अर्ध्या तासानें जास्तीचें पुसून घ्यावें, आणि दोन दिवसांच्या अंतरानें असे चार हात द्यावे. पहिल्याच हातास पिसारा असा वर येतो कीं घरचीं सारीं माणसें कामें टाकून पाहावयास येतात. तेलकट फडकीं मात्र बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेतात. उन्हांत पसरून वाळवावीं किंवा पाण्यांत बुडवून ठेवावीं.

पुढें वर्षांतून एकदां, दिवाळीच्या सुमारास, तेलाचा एक हात पुरतो. डोलपाटांच्या बुडास तेल लावूं नये, फरशीवर घसरतात. शेणाच्या जमिनीवर खुर्ची ठेवावयाची असल्यास खालीं चटई घालावी. नाहीं तर थोड्याच दिवसांत जमिनीस दोन चऱ्या पडतात, आणि त्या कोणीं सारवावयाच्या यावरून घरांत तंटा होतो.